मान हलेपर्यंत

१४ जानेवारी

आत्या,

फोन केला होता. तुमच्या कॉन्व्हेंटच्या मदर म्हणाल्या, तू कानाचं मशीन काढून ड्रॉवरमध्ये ठेवलंयस आणि ड्रॉवरला कुलूप लावलंयस. म्हणजे पत्राशिवाय गत्यंतर नाही. तसं बरंच आहे म्हणा. दिवसभर वर्गात ओरडून झाल्यावर कोणाशी मोठ्यानं बोलायचं माझ्याही जिवावर येतं.

कॉलेजचं विचारलंयस म्हणून सांगते. तू प्राचार्य असताना स्टाफरूममध्ये ते एक लांबलचक टेबल होतं ना, त्याची आता दोन झालीत. सुतार वगैरे बोलवावा लागला नाही. ते मुळातच दोन टेबलं जोडून केलेलं होतं आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. गेल्या एप्रिलात संध्याकाळचे वर्ग बंद करायचं ठरलं, तेव्हा तेवीस जणांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. तेव्हापासून खिडकीकडचं टेबल सह्यावाल्यांचं आणि दाराकडचं बाकीच्यांचं. मी दाराकडे बसते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा कोपर लागतो.

गणितबाई खिडकीकडे. तुला आठवत असेलच, तूच नेमलीस तिला. ती आणि मी चौदा वर्षं एक ड्रॉवर वापरत होतो. तिचा चष्मा, माझा चष्मा, दोघींच्या लॅबच्या आणि कपाटाच्या चाव्या, सगळा एक गुंता. आता नऊ महिने झाले, ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. भांडणही नाही. मी समोर आले की जरा बाजूला होते, रस्त्यात हातगाडी आली तर आपण होतो तशी. सही करून आठवड्याभरात मी ती मागे घेतली, त्याचा हा राग आहे. का मागे घेतली, ते तुला ठाऊक आहेच. जाऊ दे.

तर आता नवीन काय? फादर प्राचार्यांनी फेब्रुवारीत 'कृतज्ञता दिवस' करायचं ठरवलंय, सगळ्यांची मनं जुळावीत म्हणून, आणि समितीची प्रमुख मी. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर 'हो' पडलं. आपल्या घराण्याचं हे जुनंच दुखणं. शिवाय तुझ्या सभांच्या जुन्या वहीत फादरांना तुझा तो नियम सापडला. त्याचा त्यांनी मोठा फलक करून हॉलबाहेर लावलाय: 'मान हलेपर्यंत'. खाली एक बाण आहे, तो स्वच्छतागृहाकडे जातो. बाण आधीचाच आहे, पण पाहुणे बुचकळ्यात पडतात.

आणि खरी गोष्ट शेवटी लिहितेय. गणितबाईनं राजीनामा दिलाय. मला सूचना फलकावरून कळलं. कुठल्यातरी लांबच्या गावातल्या शाळेत जातेय. ३१ मार्च शेवटचा दिवस. आत्या, मला दुसरं काही नको. जायच्या आधी तिनं माझ्याशी एकदा बोलावं. भांडली तरी चालेल. काय करू ते सांग.

तुझी भाची

०

२२ जानेवारी

पोरी,

मशीन ड्रॉवरमध्ये आहे, कारण ते शिट्टी मारतं. परवा मिस्सेच्या वेळी चॅपलमध्ये ऐन शांततेत त्यानं अशी शिट्टी घातली की पुढच्या बाकावरच्या चारही म्हाताऱ्या एकदम मागे वळल्या. त्यातल्या दोघी माझ्याहून बहिऱ्या, तरी वळल्या. तेव्हापासून त्याला कोंडून ठेवलंय.

फलकाचं वाचून हसू आलं आणि रागही आला. तो नियम भिंतीवर लावायला नव्हता. तेव्हा वनस्पतीशास्त्राचे सर आणि इतिहासाचे सर हॉल कोणाला मिळावा यावर अडीच तास भांडले होते. मला कडकडून भूक लागली होती. मी म्हटलं, आता कोणीही उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं. त्याची मान हलेपर्यंत सांगायचं. नाही हलली तर पुन्हा. मगच आपलं घोडं पुढे दामटायचं. त्या दिवसापासून सभा लवकर संपायला लागल्या. माणसं सुधारली असं समजू नकोस. दुसऱ्याचं म्हणणं नीट सांगायचं म्हणजे इतके कष्ट पडतात की निम्मे लोक बोलायचेच टाळायला लागले.

तुझ्या गणितबाईचं सांगू का? तू प्रमुख झालीयस तर संधी आयती चालून आलीय. त्या दिवशी सगळ्यांसमोर तिचे आभार मान. चौदा वर्षांत तिनं तुझ्यासाठी काय काय केलं, नावनिशीवार सांग. आभाराला कोणी पाठ फिरवत नाही. मी एवढी वर्षं ते कॉलेज आभारांवर चालवलं. रुसलेला प्राध्यापक असो की चिडलेला शिपाई, भर सभेत दोन चांगले शब्द बोलले की गडी विरघळायचा.

सहीचं म्हणशील तर तू विचार करूनच काय तो निर्णय घेतला असशील. त्याचं ओझं आता किती दिवस वाहणार आहेस? खात जा नीट. मागल्या फोटोत तुझी हाडं दिसत होती.

आत्या

०

११ फेब्रुवारी

आत्या,

केला तुझा उपाय.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. मुलं, प्राध्यापक, ऑफिस, माळी, सगळे. प्रार्थना झाली, फादर बोलले, मग एकेकानं एकेकाचे आभार मानायचे. मी शेवटी. मी सांगितलं, बाबा गेले तेव्हा तीन आठवडे माझे तास कोणी घेतले. लॅबमध्ये हात भाजला तेव्हा मला हॉस्पिटलात कोणी नेलं. पेपर तपासताना मी झोपून जायचे तेव्हा उरलेल्या गठ्ठ्याची बेरीज कोणी करायचं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. आणि मग तिलाही उभं राहावं लागलं.

ते मला दिसलं, आत्या. दोनशे माणसं तिच्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत आणि तिच्यापुढे हसण्यावाचून दुसरा रस्ताच नाही. फादरांनी तिला वर बोलावलं. मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड तिनं घेतलं. माइकमध्ये 'धन्यवाद' म्हणाली. हे मी बोलण्यात धरत नाही. मग पायऱ्या उतरली, कार्ड पियानोवर ठेवलं आणि बाजूच्या दारानं निघून गेली. कार्यक्रम संपल्यावर शिपाई ते कार्ड घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, हे राहिलं बघा."

सोमवारपासून खिडकीकडचे लोक चहालाही येत नाहीत. माळ्यालासुद्धा कळलंय की मी काहीतरी घाण करून ठेवलीय.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. 'तू विचार करूनच काय तो निर्णय घेतला असशील.' मी ते चार वेळा वाचलं. मग कपाटातून तुझं गेल्या एप्रिलातलं पोस्टकार्ड काढलं. तुझ्याच अक्षरात आहे: 'उद्या सकाळी जाऊन सही काढून घे. कॉलेजच्या एकीला तडा जाईल असं आपल्या घरातल्या कोणी करता कामा नये.' मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. आणि चौथीतल्या पोरीसारखी आठ वाजायच्या आत हेडक्लार्कसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी फूटपट्टी लावून माझ्या नावावर रेघ मारली. फूटपट्टी लावून, आत्या. इतक्या व्यवस्थितपणे.

मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. गणितबाईलासुद्धा नाही. तुझं नाव खराब होऊ नये म्हणून मी नऊ-दहा महिने तोंडाला कुलूप लावून बसलेय. आणि तू म्हणतेस, विचार करूनच घेतला असशील. तू विसरलीस की विसरल्याचं सोंग करतेयस?

०

१५ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

नियम माझाच आहे, तर तो मी पाळायला हवा. तुझी बाजू मांडून बघते. तू म्हणतेस: आत्यानं सांगितलं म्हणून मी सही काढली. त्यापायी मैत्रीण गेली. आत्याचं नाव मी झाकून ठेवलं आणि आत्या मात्र म्हातारपणी सगळं विसरून गेली, उलट माझ्याच माथी मारायला लागली. त्याचं तुला वाईट वाटलं.

असंच ना? मान हलली का ते कळव.

आत्या

०

२० फेब्रुवारी

आत्या,

नाही हलली.

तू विसरलीस याचं मला वाईट वाटलेलं नाही. तू विसरलेली नाहीस, हे तुझ्या पत्रावरून कळतंच आहे. जी विसरते ती इतकं सावरून लिहीत नाही.

गेल्या एप्रिलात मी तुला तीन पानं लिहिली होती. वर्गात कोण कोण शिकतं ते लिहिलं होतं. बेकरीतला एक, बस डेपोतले चौघे, हॉस्पिटलच्या धुलाईतली ती बाई, जिचा मुलगा दिवसा आपल्याच कॉलेजात येतो आणि आई संध्याकाळी. एकोणीस जणांची दोन वर्षं झालीत, एकच राहिलंय, हे लिहिलं होतं. आणि विचारलं होतं, मी सही केली, बरोबर केलं ना? तीन पानांना पोस्टकार्ड आलं. चार ओळी. त्यात त्या एकोणीस जणांबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्याबद्दलही नव्हतं. एकी होती फक्त.

साऱ्या कॉलेजला तू दुसऱ्याचं ऐकायला शिकवलंस. माझं ऐकलं नाहीस. आणि मी का म्हणून विचारलंसुद्धा नाही, कारण तू एकी म्हणालीस की समोरचा गप्पच बसतो. एकीच्या विरोधात कोण बोलणार? मी इतकी दमलेय ना आत्या, या शब्दाला. फादरही तेच म्हणतात. कृतज्ञता दिवसाच्या पत्रिकेवरही तेच होतं.

आता सांग, मी का काढली सही? तू का काढायला लावलीस?

०

४ मार्च

पोरी,

दोन आठवडे लागले. रोज लिहायला बसायचे आणि माझ्या शेजारच्या खोलीतली संगीतवाली सिस्टर विचारायची, "कोणाला एवढं लिहितेस?" मी म्हणायची, भाचीला. ती म्हणायची, "मग खोडतेस कशाला?"

तू म्हणतेस: तीन पानं लिहून मी तुझ्यापुढे एकोणीस माणसं उभी केली आणि तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. माझ्याकडेही नाही. एक मोठा शब्द घेतलास आणि त्याचं झाकण आमच्यावर टाकलंस. ही तुझी बाजू. आता हलली असेल तर पुढचं वाच. नसेल तरी वाच, कारण मला पुन्हा लिहायचं बळ नाही.

ते वर्ग फादरांनी बंद केले असं तुम्ही समजता. बंद करा असं लिहून मी दिलं होतं.

निवृत्तीच्या आधी महिनाभर संस्थेनं विचारलं होतं, पुढे कधी जागा कमी पडली, माणसं कमी पडली, तर काय सोडता येईल? गुप्त कागद होता. मी लिहिलं, संध्याकाळचे वर्ग. सही केली, पाकीट बंद केलं. फादरांनी गेल्या वर्षी तोच कागद बाहेर काढला. बिचाऱ्यांना वाटलं, सिस्टरांसारख्या अनुभवी बाईनं लिहिलंय तर विचार करूनच लिहिलं असेल.

काय विचार केला होता सांगू? काही नाही. वर्ग सुटून शेवटचा माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत मला थांबावं लागायचं. अठरा वर्षं थांबले. तोपर्यंत आमचं जेवण गार झालेलं असायचं, प्रार्थना एकटीनं म्हणावी लागायची. मी दमले होते. तत्त्व नाही, हिशेब नाही, मला लवकर निजायचं होतं. त्या कागदावर मी माझा थकवा लिहून दिला आणि त्याला शिफारस असं नाव दिलं. आणि त्याच महिन्यात निरोप समारंभात त्या गणितबाईला मी 'संध्याकाळच्या वर्गांची आई' म्हणाले होते. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिनं माझे पाय धरले होते.

म्हणून तुझी तीन पानं आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. निषेधाचं पत्र पुढे गेलं, चौकशी झाली, तर तो कागद निघणार. तेवीस सह्यांत माझ्या सख्ख्या भावाची मुलगी असेल तर पहिल्यांदा मलाच विचारणार. तेव्हा मी एकी हा शब्द हाताशी घेतला. तो नेहमी हाताशी असतो. पापनिवेदनात मी हे सांगितलंय, आमच्या चॅपलच्या फादरांनी क्षमाही दिली. पण ती देवाकडची झाली. तुझ्याकडची आणि तिच्याकडची राहिली.

पंधरा मार्चला तुमची स्टाफची सभा आहे. प्राचार्यांना मी पत्र घातलंय, मला दहा मिनिटं द्या. आमची मदर गाडी देणार आहे. उगाच गुच्छबिच्छ आणू नका आणि माझे आभार तर मुळीच मानू नका.

आत्या

०

१८ मार्च

पोरी,

सुखरूप पोचले. कंबर धरलीय, पण ती धरणारच होती.

तुमच्या सभेत मला जे दिसलं ते लिहिते, कारण ऐकू तर काहीच आलं नाही. मशीन आणलं होतं, पण दारातच त्यानं मान टाकली. कागदाचं मी सगळं सांगून टाकलं. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता, त्यामुळे कुठे अडखळले तेही कळलं नाही. फादर खाली बघत होते. खिडकीकडचे लोक माझ्याकडे बघत होते आणि दाराकडचे एकमेकांकडे.

मग गणितबाई उठली. काहीतरी बोलली. मी कानाला हात लावून दाखवला. ती फळ्याकडे गेली आणि खडू उचलला. तिचं अक्षर अजून तसंच आहे, एकही ओळ वाकडी जात नाही. तिनं लिहिलं, 'आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला होता.'

मी म्हटलं, तू म्हणतेस मी तुला फसवलं. तिनं मान नाही अशी हलवली. मी म्हटलं, तू म्हणतेस वर्ग पुन्हा सुरू करावेत. तेही नाही. तिनं फळा पुसला आणि बराच वेळ लिहीत राहिली. मी सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचलं. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं वाचतोय ते कळत नाही, त्यामुळे बहुधा माळ्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

'सुट्टी होती. वर्ग भरणार नव्हता. कोणी त्यांना कळवलं नाही. मी एकेकाच्या कामावर गेले. डेपो, बेकरी, हॉस्पिटल. एकोणीस जणांना सांगितलं, आता येऊ नका. तुमचा निर्णय माझ्या तोंडून गेला. त्यांना वाटलं, मीच कंटाळले. आणि जी बरोबर येते म्हणाली होती, ती आली नाही.'

हे सगळं मी वाचलं, शेवटच्या ओळीसकट, माझ्या तासाला वाचायचे त्याच आवाजात. मग माझ्या शब्दांत सांगितलं: आम्ही निर्णय घेतला आणि निरोप्या तुला केलं, एकटीला. वर तुझे आभार मानत राहिलो, म्हणजे तुला तक्रारही करता येऊ नये. त्यावर तिची मान हलली. एकदाच, जराशी.

मग मी तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा त्या भिंतीसारखा पांढरा झाला होता.

पोरी, ती तू होतीस का? मला वाटलं होतं, सगळं त्या सहीपायी. तूही मला तसंच लिहीत आलीस. खरं काय ते लिही. मी म्हातारी आहे म्हणून गुळगुळीत करू नकोस.

आत्या

०

३० मार्च

आत्या,

हो. ती मीच.

गुळगुळीत करत नाही. सही करायच्या दिवशीच आमचं ठरलं होतं. निर्णय फिरला नाही तर मुलांना सांगायला दोघींनी जायचं, तीन शनिवार, डेपोपासून सुरुवात. ती म्हणाली होती, "मला एकटीला नाही ग जमणार, मी रडेन." मी म्हटलं होतं, येते ना मी. मग तुझं कार्ड आलं, मी सही काढली, आणि शनिवारी सकाळी तिला फोन केला की डोकं दुखतंय. पुढच्या शनिवारी फोनही केला नाही. हे मी विसरले नव्हते. विसरल्यासारखं केलं होतं. राग सहीचा आहे असं धरून चाललं की ते तुझ्या खात्यावर टाकता येत होतं. म्हणून ते तुला पुन्हा पुन्हा लिहिलं. आणि हॉलमध्ये तिचे आभार मानताना चौदा वर्षांचं सगळं आठवलं, तेवढा एक शनिवार सोडून.

सभेनंतर तिच्याशी बोलायची हिंमत झाली नाही. चिठ्ठी ठेवली: 'कोणाकोणाला भेटायचं ते सांग. मी जाते.' सोमवारी माझ्या टेबलावर कागद होता. अकरा नावं, कुठे काम करतात, किती वाजता सापडतील. बाकीचे आठ शहर सोडून गेलेत. खाली वर एक शब्द नाही.

गेल्या दोन आठवड्यांत मी दहा जणांना भेटले. काय सांगायचं ते ठरवून गेले होते: बाईंनी वर्ग बंद केले नाहीत, आम्ही केले, आणि तेव्हा मी तुमच्यापुढे यायला घाबरले. बेकरीतला म्हणाला, बरं झालं सांगितलंत, मी वर्षभर बाईंना शिव्या घालत होतो. डेपोतल्या एकानं ऐकूनच घेतलं नाही. "आता काय उपयोग?" म्हणाला आणि बसखाली गेला, पुन्हा बाहेर आलाच नाही. मी अर्धा तास त्याच्या बुटांशी बोलत उभी होते. त्याचंच बरोबर होतं. उपयोग काहीच नाही. वर्ग सुरू होणार नाहीत, फादर म्हणाले, जागा गेली. स्टाफरूममधली टेबलंही अजून दोनच आहेत.

अकरावं नाव काल घेतलं. हॉस्पिटलची धुलाई. तळघरात आहे, आत शिरलं की चष्म्यावर वाफच धरते. मी चष्मा पुसून पुन्हा लावला तर समोर गणितबाई. ती धुलाईतली बाई आणि ती, दोघी इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला, मध्ये वही. ती गेल्या जूनपासून दर शनिवारी तिथे येते, आत्या. बाईला सुट्टी मिळत नाही म्हणून कामाच्या मधल्या अर्ध्या तासात शिकवते. बाहेरून परीक्षा द्यायची तयारी चाललीय. आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

मी माझं ठरवलेलं बोलायला लागले. ती बाई चादरींच्या ढिगाकडे वळली. मी अर्ध्यावर असतानाच म्हणाली, "मॅडम, मला सगळं कळलंय, बेकरीवाल्यानं सांगितलं. अर्धा तास संपला माझा. जोडीदारीण आज आली नाही आणि एकशे चाळीस चादरी वर जायच्यात. तुम्ही दोघी रिकाम्या आहात तर घड्या घाला ना. मी प्रेसवर बघते."

मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही, हे मला कालपर्यंत नीटसं माहीत नव्हतं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. ताणायची, झटकायची, मग आपलं टोक घेऊन समोरच्याकडे चालत जायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. परत मागे, परत पुढे. दर चादरीला मला तिच्या बोटांपर्यंत जावं लागत होतं. पहिल्या दहा-पंधरा चादरी ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मी माफीसुद्धा मागितली नाही. त्या हॉलमधल्या भाषणानंतर माझ्या तोंडच्या कुठल्याच शब्दाचा मला भरवसा वाटत नाही.

विसाव्या की एकविसाव्या चादरीला माझ्या हातातून टोक निसटलं आणि ओल्या फरशीवर पडलं.

ती म्हणाली, "कोपरा नीट धर ग. ही परत धुवायला टाक, आणि दुसरी घे."

अकरा महिन्यांनी, आत्या. मी दुसरी घेतली. मग ती बोलत राहिली: अंगठा आत घे, आधी लांबीची घडी, तुला रसायनाशिवाय काही म्हणजे काही येत नाही. मी हो हो करत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिथे एवढी वाफ असते की कोणाला कळत नाही. शेवटच्या चादरीपर्यंत आम्ही दोघी घामानं निथळत होतो. बाहेर पडल्यावर बसथांब्यावर ती म्हणाली, "मी अजून रागावलेलीच आहे तुझ्यावर." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "परवा जाणार मी, एक तारखेला तिकडे हजर व्हायचंय. शनिवारी इथे कोण येणार?" मी म्हटलं, येते ना मी.

ते शब्द तोंडातून गेल्यावर आम्ही दोघीही थबकलो. तिनं पिशवीतून ती वही काढून माझ्या हातात ठेवली आणि बसमध्ये चढली.

येत्या शनिवारी बाईला त्रिकोणमिती शिकवायचीय. मला ती येत नाही. आजपासून शिकायला बसलेय. खांदे अजून ठणकताहेत.

तुझी भाची